इंग्रजीचं हरवलेलं ‘वाटणं’: ‘मीथिंक्स’ या क्रियापदाविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. हौशी नाट्यस्पर्धेसाठी ‘हॅम्लेट’मधला, नाटकातल्या नाटकाचा प्रवेश मराठीत आणायचं चाललंय. तिथे राणी गर्ट्रूडच्या तोंडी ‘द लेडी डथ प्रोटेस्ट टू मच, मीथिंक्स’ हे वाक्य आहे. कोशात ‘मीथिंक्स’पुढे ‘मला वाटते, जुना प्रयोग’ एवढंच दिलंय. मग ‘आय’ हवं तिथे ‘मी’ कसं आलं? ‘थिंक’ला ‘स’ कशाला? तेव्हाचं व्याकरण कच्चं होतं का? हे मराठीत कसं आणायचं? आणि जाता जाता, आज स्वतःच्या इंग्रजीत हा शब्द वापरला तर चालेल का?

तीस वर्षं मी भाषांतराचं काम करतोय, त्यातलं बरंचसं नाटकांचं. हा शब्द मलाही पहिल्यांदा असाच अडला होता आणि मीही कोशातला अर्थ उतरवून पुढे गेलो होतो. ते चुकलं होतं. का, ते सांगतो.

आधी एक गुंता सोडवून घेऊ, नाहीतर देवनागरीत हे सगळं वाचताना डोकं फिरेल. इंग्रजीतला ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’. आपला ‘मी’ म्हणजे त्यांचा ‘आय’. म्हणून पुढे अवतरणातला ‘मी’ इंग्रजी समजा, उघडा मी म्हणजे हा लिहिणारा. उच्चाराचंही सांगून टाकतो: लिहिताना ‘मीथिंक्स’, पण बोलताना पहिलं अक्षर ऱ्हस्व होतं आणि सगळा जोर ‘थिंक्स’वर पडतो. नटांना हे आधीच सांगा, कारण मराठी जीभ ‘मी’वर रेंगाळते.

आता मुद्दा. ‘मीथिंक्स’मधलं ‘थिंक’ हे आपल्याला शाळेत शिकवलेलं ‘थिंक’ नाहीच. ते दुसरंच क्रियापद आहे आणि ते मेलं आहे.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वी, एकमेकांच्या जवळची दोन क्रियापदं होती. एक ‘थेन्चन’: डोकं चालवणं, विचार करणं. दुसरं ‘थ्युन्चन’ (ओठ गोल करून ‘इ’ म्हटली की जो स्वर निघतो तो): दिसणं, भासणं, वाटणं. पहिल्याचा भूतकाळ ‘थोहते’, दुसऱ्याचा ‘थूहते’. पहिल्याला कर्ता लागायचा, विचार करणारा माणूस. दुसऱ्यात माणूस कर्ता नसायचाच. जे वाटतं ते कर्ता, आणि ज्याला वाटतं तो चतुर्थीत, आपल्या ‘मला’, ‘तुला’, ‘राजाला’सारखा. ‘मीथिंक्स’ हे या दुसऱ्या क्रियापदाचं शेवटचं उरलेलं हाड.

मराठी माणसाला याहून जास्त समजवायची गरज पडू नये. ‘विचार करणे’ आणि ‘वाटणे’ यांची आपण कधी गल्लत करतो का? ‘मी विचार करतो’ म्हटलं की मी काहीतरी करतोय. ‘मला वाटतं’ म्हटलं की मी काही करत नाही, ते माझ्याकडे येतंय. ‘मला भीती वाटली’, ‘मला तो बरा वाटला’, ‘मला ती बरी वाटली’: क्रियापद भीतीच्या, त्याच्या, तिच्या मागे जातं, माझ्या मागे नाही. वाटणारा पुरुष असो, बाई असो, दहा माणसं असोत, ‘वाटली’ला त्याचं काही नाही. ‘थिंक्स’मधला ‘स’ तिथूनच येतो. तो ‘मी’शी जुळत नाहीये, कारण ‘मी’ कर्ता नाही. जी गोष्ट वाटते ती, म्हणजे पुढचं किंवा मागचं अख्खं वाक्य, ती कर्ता, ती तृतीयपुरुषी एकवचनी, म्हणून ‘स’. व्याकरण कच्चं तर नाहीच, चोख आहे. फक्त ते आजच्या इंग्रजीचं नाही.

मग दोन क्रियापदांचं एक कसं झालं? एक कारण आवाजाचं. इंग्रजीत गोल ओठांचा तो स्वर पुढे बहुतेक ठिकाणी साध्या ‘इ’मध्ये विरला आणि दोन्ही शब्द घासून घासून ‘थिंक’वर आले. ‘थोहते’ आणि ‘थूहते’ दोघंही ‘थॉट’ झाले. कोशकारांनी मात्र हिशेब ठेवला आहे: ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात ‘थिंक’ अशी दोन वेगळी क्रियापदं नोंदलेली मिळतात. जर्मनमध्ये दोघं वेगळे राहिले, ‘डेंकन’ म्हणजे विचार करणं आणि ‘ड्युंकन’ म्हणजे वाटणं. ‘मिश ड्युंक्ट’ म्हणजे तंतोतंत ‘मीथिंक्स’, आणि तेही तिकडे आता जुनाट, पुस्तकी झालंय. आइसलँडचे लोक मात्र आजही रोजच्या बोलण्यात ‘म्येर थीकिर’ म्हणतात. त्यातलं ‘म्येर’ म्हणजे आपलं ‘मला’.

दुसरं कारण जास्त खोलवरचं आहे, आणि खरी गंमत तिथे आहे.

ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने यासाठी एक उदाहरण दिलं, ते आता या विषयाच्या प्रत्येक वर्गात फळ्यावर येतं. जुन्या इंग्रजीतलं वाक्य: राजाला पेअर आवडली. त्यात ‘राजा’ शब्दाला चतुर्थीचा प्रत्यय आहे आणि क्रियापद अनेकवचनी आहे, कारण पेअर अनेक आहेत. मराठीत करून बघा, पेअरच्या जागी पेरू घालून: ‘राजाला पेरू आवडले’. शब्दाला शब्द, प्रत्ययाला प्रत्यय. जुन्या इंग्रजीतलं ‘लाइक’ हे आपलं ‘आवडणे’च होतं. मग इंग्रजीचे विभक्तिप्रत्यय झडायला लागले. ‘राजाला’चा ‘ला’ गळून पडला, उरला नुसता ‘राजा’. क्रियापदाचं अनेकवचन दाखवणारं शेपूटही गेलं. आता वाक्य झालं ‘राजा आवड पेरू’. क्रियापदाच्या आधी येतो तो कर्ता, ही इंग्रजी वाक्याची शिस्त तोवर पक्की होत आली होती. ऐकणाऱ्या नव्या पिढीने राजालाच कर्ता धरलं. पेरू कर्म झाले. शब्द तेच, क्रम तोच, पण आतलं नातं उलटं झालं. आवडवणारे पेरू होते, आता आवडून घेणारा राजा.

हे कसं घडत असेल, हे मी घरातच ऐकलं. माझी भाची न्यू जर्सीत वाढली. मराठी बोलते, पण शाळेचं इंग्रजी डोक्यात. पाच-सहा वर्षांची असताना इथे आली होती, ताटात आमरस, आणि म्हणाली, ‘आजी, मी आंबा आवडते.’ आईने वाटी भरता भरता म्हटलं, ‘हो का गं? आंब्याला तू आवडतेस होय!’ सगळे हसले. मला मात्र जेवता जेवता वाटून गेलं की चौदाव्या-पंधराव्या शतकात इंग्लंडातल्या आज्याही अशाच हसल्या असतील. फरक इतकाच की तिकडे नातवंडं जिंकली. आपल्याकडे ‘ला’ घट्ट आहे, तो शब्दातून गळत नाही, म्हणून भाचीची चूक चूकच ठरली. आता ती व्यवस्थित ‘मला आंबा आवडतो’ म्हणते.

असली क्रियापदं इंग्रजीत एकदोन नव्हती. भूक लागणं, स्वप्न पडणं, आठवणं, पश्चात्ताप होणं, हवंसं वाटणं, लाज वाटणं, अशी मोठी रांग होती, आणि बहुतेकांत माणूस चतुर्थीत किंवा द्वितीयेत. जुना इंग्रज कवी चॉसर याच्याकडे ‘मी मेट’ येतं, म्हणजे ‘मला स्वप्न पडलं’. आपण अजूनही स्वप्न बघण्यापेक्षा स्वप्न पडणंच जास्त वापरतो, आणि ते मला पडतं. याच चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रास्ताविकात, म्हणजे चौदाव्या शतकाच्या शेवटाला, ‘मी थिंकेथ’ असं दोन सुटे शब्द करून आपलं क्रियापद आहे. ‘हिम थॉट’ म्हणजे त्याला वाटलं, ‘हेम थॉट’ म्हणजे त्यांना वाटलं, हेही त्या काळी सर्रास चाले. शाळेच्या व्याकरणात आपण भावकर्तृक क्रियापद म्हणून ‘मला मळमळतं’, ‘उजाडलं’ शिकलो, त्या खात्यातली ही मंडळी. संस्कृतवाल्यांना तर हे फारच ओळखीचं आहे: पाणिनीचं ‘रुच्यर्थानां प्रीयमाणः’ हे सूत्र नेमकं हेच सांगतं, ज्याला रुचतं तो चतुर्थीत. ‘हरये रोचते भक्तिः’ हे त्याचं पाठ करून घेतलेलं उदाहरण. एक खरं की संस्कृतात ‘मला वाटतं’ला ‘मन्ये’ होतं, त्यात कर्ता ‘अहम्’. म्हणजे आपल्याकडे प्रवास काहीसा इंग्रजीच्या उलट दिशेने झाला. पण ते एक वेगळंच प्रकरण आहे, इथे उघडत नाही.

इंग्रजीत ही रांग हळूहळू संपली. काही क्रियापदं मेली, बाकीची ‘आय’च्या ताब्यात गेली. अवशेष राहिले ते गोठलेल्या तुकड्यांत. ‘वो इज मी’, म्हणजे हाय रे मला: यातला ‘मी’ हा चतुर्थीचाच, ‘दुःख म्हणजे मी’ असा त्याचा अर्थ नव्हे. ‘इफ यू प्लीज’सुद्धा मुळात ‘तुम्हाला रुचत असेल तर’ असं होतं, तुम्हाला चतुर्थीत ठेवून. आणि ‘मीथिंक्स’. ते एक शब्द झालं म्हणून वाचलं. जोडून गेल्यावर आत ‘मी’ आहे की काय आहे हे कुणी बघत नाही. शेक्सपिअरच्या जुन्या छापील प्रतींत ते अजून सुटं दिसतं, मधे जागा सोडून.

शेक्सपिअर अगदी या बदलाच्या सांध्यावर उभा आहे, आणि तुमच्याच नाटकात त्याचा पुरावा आहे. दुसऱ्या अंकात राजा क्लॉडियस म्हणतो, ‘इट लाइक्स अस वेल’. म्हणजे ‘ते आम्हाला आवडलं’. जुनी तऱ्हा: गोष्ट कर्ता, माणूस चतुर्थीत. तिसऱ्या अंकात, तुम्हाला अडलेल्या वाक्याच्या अगदी आधीचं वाक्य हॅम्लेटचं आहे: ‘मॅडम, हाऊ लाइक यू धिस प्ले?’ इथे ‘लाइक’ला ‘स’ नाही. म्हणजे नाटक कर्ता नाही, ‘यू’ कर्ता आहे. नवी तऱ्हा. आणि त्यावर राणीचं उत्तर येतं ते ‘मीथिंक्स’ने. राजाची पिढी जुन्या वळणाची आणि पोरगा विद्यापीठातून आलेला, असं यात काही मुद्दाम पेरलंय असा दावा मी करणार नाही, दोन्ही प्रयोग त्या काळी सगळेच करत. पण तालमीत नटांना सांगायला हे छान आहे.

आता अर्थाच्या छटा. ‘मला वाटते’ हा कोशातला अर्थ खोटा नाही, अपुरा आहे. कारण मराठी ‘मला वाटतं’ने आज दोन कामं पत्करलीत: एक मत देणं (‘मला वाटतं हा ठराव मागे घ्यावा’) आणि एक जाणवणं (‘मला कुणीतरी मागे उभं आहे असं वाटलं’). ‘मीथिंक्स’चा जीव दुसऱ्या कामात आहे. मत म्हणूनही ते येतं, पण त्याची मूळ चव डोळ्यासमोर काहीतरी तरळण्याची आहे.

‘हॅम्लेट’च्या पहिल्याच अंकात बघा. हॅम्लेट म्हणतो, ‘माय फादर! मीथिंक्स आय सी माय फादर.’ त्याचा मित्र होरेशियो दचकून विचारतो, कुठे? त्याने हॅम्लेटच्या वडिलांचं भूत खुद्द पाहिलेलं आहे, म्हणून तो दचकतो. हॅम्लेट म्हणतो, मनाच्या डोळ्यांत. इथे ‘मला वाटतं मी माझ्या वडिलांना पाहतो’ लिहिलंत तर होरेशियोच्या दचकण्याला आधारच उरत नाही. वाटतं म्हणणाऱ्या माणसाला ‘कुठे?’ कोण विचारेल? ‘बाबा! बाबा दिसतायत मला’ असं काहीतरी हवं, म्हणजे ‘कुठे?’ लागू पडेल.

इंग्रजी बायबलच्या १६११ च्या भाषांतरात, शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात, बुरुजावरचा पहारेकरी लांबून धावत येणारा माणूस बघतो आणि म्हणतो: पुढच्याची धाव सादोकाचा मुलगा अहीमाससारखी ‘मी थिंकेथ’. चेहरा ओळखू येत नाहीये, नुसती धावण्याची ढब दिसतेय. त्यावरून बांधलेला अंदाज. हा पहारेकरी माझ्या मते या क्रियापदाचा सगळ्यात नेमका वापर करणारा माणूस आहे. आपल्याकडे अंगणात उभं राहून लांबच्या माणसाकडे बघत आपण काय म्हणतो? ‘मधल्या आळीतला अण्णा दिसतोय.’ ‘दिसतोय’ म्हणजे मी त्याला बघतोय असं नाही, तो अण्णा असावा असं. तिथे ‘वाटते’ लिहिलं तर बिघडणार नाही, पण ‘दिसतोय’ने पहारेकरी बुरुजावर उभा राहतो.

भूतकाळ ‘मीथॉट’ला तर आणखी एक रंग आहे: स्वप्न आणि भास. ‘मॅक्बेथ’मध्ये खून करून आलेला मॅक्बेथ म्हणतो, ‘मीथॉट आय हर्ड अ व्हॉइस क्राय, स्लीप नो मोर’. आवाज आला की आला नाही, त्यालाच ठाऊक नाही. ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मधला बॉटम विणकर, गाढवाच्या डोक्यानिशी रात्र काढून जागा होतो आणि ‘मीथॉट आय वॉज’ म्हणून अडतो, पुन्हा ‘मीथॉट आय वॉज’, पुन्हा ‘मीथॉट आय हॅड’, आणि वाक्य पुरं करायची हिंमत होत नाही. कवी मिल्टन, डोळे गेल्यानंतर, वारलेल्या बायकोला स्वप्नात पाहतो, त्या सुनीताची सुरुवातच ‘मीथॉट आय सॉ’ने होते. या तिन्ही ठिकाणी ‘मी विचार केला’ अशक्य आहे. आणि इथे मराठीचं नशीब जोरावर आहे, कारण आपलं ‘मला वाटलं’ आपोआपच संशय घेऊन येतं. ‘मला वाटलं तू गेलास’ म्हणजे तू गेला नव्हतास. मॅक्बेथसाठी मी ‘कुणीतरी ओरडल्यासारखं वाटलं’ वापरलं होतं. ‘ल्यासारखं’ने काम होतं. बॉटमसाठी ‘मला आपलं वाटलं, मी…’ पुरतं. त्या ‘आपलं’मध्ये अर्धी लाज आधीच आहे.

जुन्या मराठी कवितेत याला अगदी भावंडासारखं एक क्रियापद आहे: ‘गमणे’. ‘मज गमे’ म्हणजे मला भासे, मला वाटे. ‘मज’ चतुर्थीत, ‘गमे’ तृतीयपुरुषी, आणि आज जुनंपुराणं. विदर्भ-मराठवाड्यात ‘मला इथं गमत नाही’ अजून जिवंत आहे, पण ते करमण्याच्या अर्थाने. भाषांतरात ‘मज गमे’ वापरायचा मोह मलाही झाला होता, एकदा वापरलंही. पहिल्याच तालमीत नट हसला. पद्यात खपेल, गद्य संवादात ‘मज गमे’ म्हणजे फेटा बांधून लोकलमध्ये चढल्यासारखं. शेक्सपिअरच्या प्रेक्षकांना ‘मीथिंक्स’ पुराणं वाटत नव्हतं. १६६०च्या दशकात लंडनमध्ये रोजनिशी लिहिणारा सॅम्युएल पीप्स कचेरीच्या आणि घरच्या गोष्टींतही ते सहज लिहितो. म्हणजे आपल्याला जुनं वाटतं म्हणून मराठीतही जुनंच घालायचं, हा हिशेब चुकीचा आहे.

आता तुमचं वाक्य. त्यात मेलेला अर्थ एकच नाही, दोन आहेत, आणि दुसरा जास्त फसवतो. ‘प्रोटेस्ट’ म्हणजे इथे निषेध नव्हे, नाकारणंही नव्हे. त्या काळी त्याचा अर्थ शपथेवर ठासून सांगणं. मंचावरची नाटकातली राणी आणाभाका घेतेय की नवरा गेला तर मी दुसरं लग्न करणार नाही, केलं तर माझं असं होवो आणि तसं होवो. आणि हे ऐकत कोण बसलंय? जिने नवरा गेल्यावर दोन महिन्यांत दिराशी लग्न केलं, ती गर्ट्रूड. आजचे इंग्रजी वृत्तपत्रवाले हे वाक्य ‘जास्त नाकारतोय म्हणजे नक्की काहीतरी आहे’ अशा अर्थाने वापरतात, आणि ‘मीथिंक्स’ उचलून सुरुवातीला ठेवतात. मूळ वाक्यात ते शेवटी आहे. ही जागा तुमच्यासाठी फार मोलाची आहे.

कारण मराठीतही वाक्याच्या शेवटचं ‘वाटतं’ हा एक वेगळाच प्राणी आहे. ‘पाऊस आला वाटतं.’ ‘आज स्वारी लवकर उठली वाटतं!’ यात ‘मला’ लागत नाही, लावलं तर उलट चव जाते. समोर काहीतरी दिसतंय, त्यावरून काढलेला अंदाज, आणि बऱ्याचदा त्यात एक चिमटा. ‘मला वाटतं आज तू लवकर उठलास’ म्हणणारा माणूस साक्ष देतोय. ‘आज लवकर उठलास वाटतं’ म्हणणारा टोमणा मारतोय. राणी गर्ट्रूडचं ‘मीथिंक्स’ या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे. मुलाने मत विचारलंय, सगळा दरबार बघतोय, प्रश्न टोचलाय, पण टोचल्याचं दाखवायचं नाही.

माझ्याकडे तपासायला आलेल्या एका संहितेत हे वाक्य असं होतं: ‘मी विचार करते की ही स्त्री खूप जास्त निषेध करते.’ यात एकही शब्द कोशाबाहेरचा नाही आणि एकही बरोबर नाही. अलीकडे मालिकांच्या मराठी उपशीर्षकांत ‘मी विचार करतो की तो येणार नाही’ असलं सर्रास दिसतं. इंग्रजीने सातआठशे वर्षांपूर्वी ‘वाटणे’ आणि ‘विचार करणे’ एकाच पोत्यात भरले म्हणून आपण आपली दोन नीट ठेवलेली पोती त्यात का ओतायची? आजचं साधं ‘आय थिंक’ दहातल्या नऊ वेळा ‘मला वाटतं’च असतं, अर्थाने ते ‘थ्युन्चन’च आहे, फक्त कपडे ‘थेन्चन’चे घातलेत.

मी तुमच्या जागी असतो तर दोन वाक्यं लिहून तालमीत दोन्ही म्हणवून घेतली असती. एक: ‘बाईसाहेब आणाभाका जरा जास्तच घेतायत, असं वाटतं.’ दुसरं: ‘शपथा जरा जास्तच झाल्या वाटतं.’ पहिल्यात राणी सांभाळून बोलते, दुसऱ्यात ती विनोदाच्या आड लपते. ‘मला’ दोन्हीत नाही, मुद्दाम. एक सावध करतो: दुसऱ्यात ‘वाटतं’चा सूर वर गेला तर वाक्य कुत्सित होतं आणि राणी खलनायिका होते, ते नको. ‘डथ’चं काय करायचं असंही कुणी विचारेल. काही नाही. ते छंदासाठी आणि थोड्या जोरासाठी आहे, आपल्या ‘च’मध्ये येऊन जातं.

याच अंकात पुढे आणखी एक ‘मीथिंक्स’ आहे, तुमच्या तुकड्यात येत असेल तर लक्ष ठेवा. हॅम्लेट म्हाताऱ्या दरबारी पोलोनियसला ढग दाखवतो, उंटासारखा आहे म्हणतो, म्हातारा हो म्हणतो, मग म्हणतो, ‘मीथिंक्स इट इज लाइक अ वीझल’, म्हातारा त्यालाही हो म्हणतो, मग देवमासा. इथे ‘मला तर मुंगसासारखा दिसतोय’ एवढं साधं हवं. वीझल आणि मुंगूस हे वेगळे प्राणी आहेत हे मला माहीत आहे, पण ढगाला पाठ आणि शेपूट दिसली की झालं. या वाक्याचं पुढचं आयुष्यही गमतीचं आहे. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९८६ सालच्या ‘द ब्लाइंड वॉचमेकर’मध्ये उत्क्रांती समजावताना संगणकाला हेच वाक्य गाठायला लावलं, इंग्रजी अक्षरं आणि जागा धरून २८ खुणा. त्यामुळे ‘मीथिंक्स’ हा शब्द नाटक कधी न वाचलेल्या संगणकाच्या विद्यार्थ्यांनाही ओळखीचा झाला.

राहिला प्रश्न आज वापरायचा. कोशांत ‘लुप्त’ आणि ‘जुनाट’ असे दोन वेगळे शेरे असतात. ‘वाटणे’ या अर्थाचं ‘थिंक’ क्रियापद लुप्त आहे. ‘मीथिंक्स’ हे त्याचं एकच रूप जुनाट म्हणून शिल्लक आहे, म्हणजे लोकांना कळतं, पण वापरणारा काहीतरी सोंग करतोय हेही कळतं. मित्राला लिहिताना, सदरात, थोड्या नाटकी खट्याळपणाने चालतं. नोकरीच्या अर्जात, कचेरीच्या पत्रात नाही. मी एका अर्जात चक्क ‘आय मीथिंक्स’ पाहिलं आहे, म्हणजे ‘मी मला वाटतं’. भूतकाळ ‘मीथॉट’ असा होतो; ‘मीथिंक्ड’ असं काही नसतं. ‘ही-थिंक्स’, ‘यू-थिंक्स’ जोडून कुणी केलं तर ती थट्टाच समजा, कारण चॉसरच्या काळातही ते ‘हिम’ असायचं. आणि जमलं तर ते वाक्याच्या शेवटी किंवा मधे ठेवा, सुरुवातीला ठेवलं की फार भारदस्त होतं.

तालमीचं एक शेवटचं. राणीच्या वाक्यानंतर लगेच हॅम्लेटचं ‘पण ती शब्द पाळेल हं’ अशा अर्थाचं वाक्य आहे. ते तिच्या ‘वाटतं’ला चिकटून यायला हवं. मधे श्वास घेण्याइतकीही जागा सोडली तर प्रेक्षक राणीवर हसतात आणि हॅम्लेटचा वार वाया जातो. आमच्या प्रयोगात पहिल्या दिवशी नेमकं तेच झालं होतं.